वहाणांची मोजणी

धरणगावच्या एका कापसाच्या प्रेसमध्ये मी हजेरी ठेवत असे. तिथे छतापर्यंत साठलेली रुई दाबून कमरेएवढी गाठ होई. आधी पाच माणसे खोल पेटीत उतरून रुई पायांनी तुडवत. ती वर आली की वरून शेवटचा भारा पडे, झाकण लागे आणि खालचा दट्ट्या इंजिनाच्या जोरावर वर चढे.

कापूस म्हणजे लक्ष्मी. म्हणून वहाणा पेटीच्या काठावर काढून, रुईला हात लावून तो कपाळी नेल्याशिवाय कोणी उतरत नसे. हवेत तंतू इतके, की तीन हातांवरचा माणूस ओळखू येत नसे. वर आलेले खोकत पाण्याकडे पळत. डोकी मोजणे जमेना, म्हणून मी वहाणा मोजू लागलो. काठावर एकही जोड उरला नाही की इंजिनवाल्याला हात दाखवायचा. पद्धत माझी होती, आणि मला तिचा अभिमान होता.

त्या दिवशी तुडवणाऱ्यांतले सगळ्यांत म्हातारे आबा अनवाणी आले.

"आबा, वहाणा विकून खाल्ल्या का?" मी विचारले.

"पट्टा तुटना, नाना. फाटकवर शिवाले टाकी उनू. तुमनी यादीमा लिखी ल्या."

बाकीचे हसले. मीही हसलो. लिहिले मात्र काही नाही.

तिसऱ्या गाठीला काठावरचे चारही जोड गेले. भारा पडला. मी हात वर केला. आबा अजून कोपऱ्यात वाकून रुई दाबत होते. भारा त्यांच्यावरच पडला होता, हे नंतर कळले. रुईतून हाक बाहेर येत नाही.

पाण्याजवळ कोणी तरी म्हणाले, "आबा कोठे शेत?"

आबा तिथे नव्हते. मी ओरडत इंजिनाकडे धावलो. दट्ट्या थांबला तोवर उशीर झाला होता. तो खाली घेताच रुई फुगून पुन्हा काठापर्यंत आली. ती आम्ही हातांनी उपसली. आबांना बाहेर काढताना त्यांच्या छातीखाली माझा हात होता. ती सपाट लागली.

संध्याकाळी फाटकावरचा जोडे शिवणारा आला. त्याला कोणी काही सांगितले नव्हते.

"आबाले सांगा, पट्टा नवा टाकेल शे," तो म्हणाला, आणि वहाणा पेटीच्या काठावर, नेहमीच्या जागी ठेवून गेला.

सवयीने मी मोजले. एक जोड.