सुईला विचारा

मी कुसाबाई, द्वारका नाक्याच्या मोटार अड्ड्यावर चहा विकते. लियाकतभाईला कुणी वाईट बोललं, की अजून माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते.

कारभारीशेठच्या मालेगावच्या गाडीवर तो सात वर्षं ड्रायव्हर. दसऱ्याला गाडीपुढं नारळ फोडायचा मान ड्रायव्हरचा, म्हणून मुसलमान असून तोच फोडायचा. छत्तीस सालच्या दसऱ्याला शेठनं चंदनपुरीच्या खंडोबाची तसबीर आणली. देवाचा खिळा मालकाच्या हातचा, ही अड्ड्याची रीत. शेठनं स्वतः हातोडी घेऊन ती स्टेरिंगपुढच्या लाकडी फळीवर ठोकली.

आठ दिवसांनी चांदवडच्या घाटात पाण्याची रबरी नळी फुटली. इंजिनाची गरमी दाखवणारी सुई मात्र थंडच दाखवत राहिली. वाफ दिसेपर्यंत इंजिन जाम झालं.

"शेठ, सुई मेलीय. तपासू द्या," लियाकतभाई म्हणाला.

शेठ अड्ड्याच्या मधोमध ओरडला, "सुई खोटं बोलत नाय! ताडी पिऊन घाट चढतो मेला!"

थेंबाला न शिवणारा माणूस हो तो! पण एकदा बोभाटा झाला की झाला. कुणी मालक त्याला गाडी देईना. पोरीची, नसीमची, मालेगावला ठरलेली सोयरीक मोडली. बाप दारुडा म्हणे! लियाकतभाई माझ्या बाकावर बसून म्हणाला, "कुसाबाई, याच जागेवर त्याच्याच तोंडून खरं वदवीन. तोवर दाढी करणार नाय."

"वदवच," मी म्हटलं. "मी बघायला हाय."

शेठनं इंजिन दुरुस्त केलं, सुईला हात लावला नाय. ड्रायव्हर सगळे चोर म्हणून स्वतःच गाडी चालवायला बसला. संक्रांतीच्या आधी त्याच घाटात तेच झालं! दुसऱ्या गाडीच्या भिमाजीनं दोर बांधून त्याला अड्ड्यावर ओढत आणलं. खोटं कशाला बोलू, मला पेढे वाटावेसे वाटले.

लियाकतभाई उठला. "कुसाबाई, उकळती किटली आणा."

इंजिनाच्या पाण्यात बसवलेली सुईची पितळी कांडी त्यानं खोलली आणि किटलीत बुडवली. अड्डा गोळा झाला. सुई ढिम्म. मग भिमाजीच्या गाडीची कांडी तिथंच बुडवली, तर तिची सुई झरझर वर चढली.

"आता बघा शेठ." कांडीपासून सुईपर्यंत जाणारी तांब्याची बारीक नळी चाचपत त्याचं बोट फळीमागं गेलं आणि थांबलं. तसबिरीच्या खिळ्यानं नळी फोडली होती.

खिळा कुणी ठोकला, हे सगळ्या अड्ड्याला ठाऊक होतं.

शेठ हळूच म्हणाला, "लियाकत, झालं गेलं विसर. उद्यापासून गाडी घे."

"त्या दिवशी जेवढ्या आवाजात बोललात, तेवढ्याच आवाजात खरं बोला."

शेठ पुटपुटला. मी ओरडले, "ऐकू नाय आलं! मोठ्यानं!"

"लियाकत प्यायलेला नव्हता! चूक माझी!"

लियाकतभाईनं गाडी घेतली नाय, दाढी तेवढी केली. मालेगावचे लोक सोयरीक घेऊन परत आले, तर त्याच्या बायकोनं, सलिमानं, त्यांना दारातूनच वाटेला लावलं.

आता माझ्यासमोरच त्याचं दुरुस्तीचं दुकान हाय. शेठची गाडी बिघडली की शेठ तिथंच येतो, जाईल कुठं? दिवसभर उभा राहतो. शेवटी विचारतो, "लियाकत, बघ ना रे, काय झालंय?"

लियाकतभाई मान वर करत नाय. "मला काय विचारता शेठ? सुईला विचारा."