स्वतःप्रत

आई-वडील द्राक्षबागांत मजुरीला जायचे. हंगामात बिऱ्हाड हललं की माझी शाळा सुटायची. तरी घरातला पहिला पदवीधर मीच.

आता हरसूलकडे शिकवतो. परिपाठाला मुलं संविधानाची उद्देशिका म्हणतात आणि शेवटी 'स्वतःप्रत अर्पण'चं रोज 'स्वतः परत अर्पण' करतात. सांगून सांगून मी थकलो होतो.

एकदा वैतागून म्हणालो, "अरे, स्वतःप्रत म्हणजे स्वतःला. परत कुठून आणलंत?"

चौथीतली एक पोरगी म्हणाली, "सर, लोकांनीच लोकांना दिलं ना? मंग फिरून आपल्याकडंच आलं की! तुमचंच चुकतंय."

सगळा वर्ग हसला. मीही हसलो.

उच्चार अजून चुकतो. पण संविधान कोणी कोणाला दिलं, हे आमच्या चौथीला समजलं आहे.