माहेरवाशिणीचं अंडं

पेठ रोडच्या त्या वस्तीत यशोदाबाईंशी वाद घालायची कुणाची टाप नव्हती. बुद्धविहारामागच्या उकिरड्यावर भाजी पिकवायची, असं त्यांच्या मनात आलं आणि त्यांनी बायकांना हाताला धरून कामाला लावलं. मेथी, पालक उगवला, शेवगा डोक्याच्या वर गेला. मग खुराडं बांधून गावठी कोंबड्या आणल्या. वस्तीतली पोरं फिकुटलेली, पोटुशा बायका चक्कर येऊन पडायच्या. अंडी त्यांच्यासाठी. विकायची नाहीत आणि वस्तीबाहेर द्यायची नाहीत, हा नियमही बाईंचाच. स्वतः त्यांनी त्यातलं एकही कधी चाखलं नाही. याचा त्यांना केवढा तोरा!

सातव्या महिन्यात त्यांची लेक राखी दिंडोरीच्या सासरहून बाळंतपणाला आली. द्राक्षबागेत राबून अंगाची काडी झालेली, नखं पांढरीफटक. शेजारची भाग्यश्री खुराड्याचं बघायची. ती पहिल्याच दिवशी वाटीत अंडं घेऊन आली.

"ठेव ते परत," यशोदाबाई म्हणाल्या. "राखी आता दिंडोरीची. आज माझी घेईल, उद्या सगळ्यांच्या लेकी येतील. मग इथल्या पोरांनी काय खायचं?"

"अहो मावशी, एका अंड्यानं काय होतंय?"

"नाय म्हटलं ना!"

राखी नुसती हसली. यशोदाबाई लोकांकडे धुणीभांडी करायच्या. "पगार झाला की दुकानातली आणते तुला," असं त्यांनी लेकीला सांगितलं होतं. पण कधी गॅस संपला, कधी सोनोग्राफी निघाली, आणि अंडी राहूनच गेली. सकाळी खुराड्यातली अंडी मात्र राखीच काढायची. एकदा तिने एक अंडं गालाला लावलं. "आई, किती गरम आहे गं," म्हणाली आणि हळूच टोपलीत ठेवून दिलं. यशोदाबाईंच्या तोंडातून 'घे' हा शब्द काही निघाला नाही.

बाळंतपणात रक्त थांबेना. मुळात अंगात रक्तच कमी, असं डॉक्टर म्हणाले. जन्मलेली मुलगी वाचली, राखी गेली.

अंड्यांनी ती वाचली असती का, कुणास ठाऊक. वस्तीत कुणी बाईंना चकार शब्दाने बोललं नाही, आणि तेच त्यांना सोसवत नाही. कुणीतरी तोंडावर बोलायला हवं होतं. खुराड्याकडे त्या पुन्हा फिरकल्या नाहीत. अंडं घालून कोंबडी ओरडली, की दार लावून घेतात.

नात आता बसायला लागलीय. बाप दिंडोरीत, ती आजीपाशी. परवा भाग्यश्री अंडं उकडून, सोलून वाटीत घेऊन आली आणि दारातच थबकली. बाई पुन्हा नियम काढतील या धास्तीने आधीच म्हणाली, "मावशी, ही इथंच राहते. ही वस्तीचीच आहे."

यशोदाबाईंनी वाटी घेतली. नातीला मांडीवर बसवून पिवळा बलक बोटाने कुस्करला, तिच्या ओठांना लावला. पोरीने मिटक्या मारल्या आणि आणखी हवं म्हणून तोंड उघडलं.

"हिची आई पण वस्तीचीच होती गं," यशोदाबाई म्हणाल्या.