मन्मथअप्पांच्या परसातले गोटे

मन्मथअप्पांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते फक्त कमरेपासून वर होते. खालचे अप्पा त्यांच्याच परसात, चुडावा गावच्या काळ्या चिखलात होते. याच चिखलानं आदल्या पावसाळ्यात एक रेडा, एक छकडा आणि निजाम सरकारचा एक अंमलदार रुमी टोपीसकट गडप केला, असं गाव शपथेवर सांगे. मी स्टेशनातला नवा पार्सलबाबू. हात देऊन ओढलं, तर अप्पा आले आणि जोडे आत राहिले.

"बाबू, हितं बैठक करायलोय," ते निथळत म्हणाले. "गोट्यांची. पाय रुतणार न्हाई अशी."

कारणही तसंच होतं. लेक उमादेवीला बघायला पाथरीचे पाहुणे आले, तेव्हा परसातली मोसंबी दाखवायला अप्पांनी त्यांना मागं नेलं. तिथं चिखलात वरबाप आडवा झाला आणि सोयरीकही. आता वसमतचे यायचे होते.

अप्पांनी मुरूम ठोकून घेतला आणि गाडीवान लिंबाजीच्या बैलगाडीतून पूर्णा नदीच्या पात्रातले गोटे आणवले. काळे, गुळगुळीत, लांबट. इथंच घात झाला. घर पिढीजात शिवभक्तांचं. अप्पांच्या पत्नी नागुबाईंनी एक गोटा उचलला, निरखला, पदरानं पुसला.

"अवं, ही तर पिंड हाय!"

"गोटा हाय गं तो."

"देवावर पाय द्यायलाव? अन् वर पाहुण्यांचेबी?"

त्यांनी गोट्याला विभूती लावली. विभूती लागलेला गोटा अप्पांनाही पायाखाली घालवेना. मग अप्पा अंथरत आणि नागुबाई वेचत. बैठक पुढून वाढे, मागून आटे. देवघर भरलं, तसे महादेव चुलीमागं आणि कणगीवर बसले. रोज सगळ्यांना पाणी, विभूती, बेल. अप्पांचं दुकान दुपारपर्यंत उघडेना.

"चपटे आण की रे!" अप्पा लिंबाजीवर खेकसले. "ज्यात देव दिसणार न्हाई असे!"

"तुमच्या घरात कशात दिसंल, मला काय ठाव?" लिंबाजी म्हणाला. "बाईंनाच बसवा गाडीत."

चपटे आले. नागुबाईंनी ते पिंडींखाली शाळुंका म्हणून मांडले.

अप्पांनी कपाळाला हात लावला. "बाबू, घरात देव लय झाले. माणसानं बसावं कुठं?"

वसमतचे पाहुणे चैत्रात आले. जमीन खडखडीत वाळलेली होती. ते ओसरीवर बसले, चहा प्याले आणि मुलगी पसंत करून गेले. परसात कुणी गेलंच नाही.