तुंगार्लीच्या तळ्यावरचा कोयता

हे मी माझ्या नवऱ्यालाही सांगितलं नाही. ते गेले, आणि सांगायचं राहूनच गेलं. तुम्हाला सांगतेय — का, ते मला धड कळत नाही.

मला खुनांचं वेड होतं. हसू नका. लोणावळ्यात मुलींच्या शाळेत मी शिक्षिका. वर्गात कविता शिकवायची आणि घरी येऊन ट्रंकेतली कात्रणं काढून बसायची — जुने खून, ज्यांचा छडा कधी लागलाच नाही. त्यांच्यावर निघालेला एकही सिनेमा मी सोडत नसे, त्यासाठी पुण्याला जायची. पडद्यावर शेवटी खुनी सापडे, तरी माझी चुटपूट जात नसे. खरं काय झालं असेल?

एक खून तर आमच्याच गावचा. इंग्रजांच्या काळात तुंगार्लीच्या बंगल्यात एकटी राहणारी म्हातारी मडम कोणीतरी मारली. कोणी, का — शेवटपर्यंत कळलं नाही. त्या बंगल्याभोवती मी किती चकरा मारल्या असतील!

एकोणीसशे साठ-पासष्टच्या सुमारास, एका हिवाळ्यात सिनेमावाले आले. त्याच खुनावर त्यांना सिनेमा काढायचा होता. कथा लिहिणारे गृहस्थ माहिती विचारत फिरत होते; कोणीतरी माझं नाव सांगितलं. तीन दिवस ते आमच्याकडे येऊन बसले. माझा शब्द न् शब्द वहीत उतरवून घेत होते. तोवर माझं इतकं कोणी ऐकलं होतं का? तिसऱ्या दिवशी त्यांनी विचारलं, "पण बाई, केलं कोणी?"

माहीत नाही — एवढंच म्हणायचं होतं. पण मग वही मिटली असती, ते उठले असते. मी म्हणाले, "माळ्यानं. दुसऱ्या दिवशी सकाळी तो तळ्यावर कोयता धुताना दिसला होता."

असं कोणी पाहिलं नव्हतं. कुठल्याच कात्रणात नव्हतं. बोलता बोलता ते वाक्य माझ्या तोंडातच तयार झालं.

आणि मडमेचा तो माळी — धोंडूआबा — जिवंत होता. मला माहीत होतं ते. कुसगावात राहायचा, तुंगार्लीच्या बंगल्यांच्या बागा बघायचा. त्याची नात चंद्रा माझ्याच वर्गात होती.

वर्षभरानं सिनेमा लोणावळ्यात लागला. नावं बदलली होती, पण तळं, बंगला, माळी — ओळखायला कितीसा वेळ लागतो? पडद्यावर तो कोयता धुऊ लागला तेव्हा माझ्या अंगावर काटा आला. भीतीनं नाही — आनंदानं. क्षणभर मलाच ते खरं वाटलं.

महिन्याभरात बंगलेवाल्यांनी आबाला कामावरून काढलं. चंद्राशेजारी कोणी बसेना. मग एका दुपारी आबा शाळेत आला. मी खुर्ची दिली, तरी उभाच राहिला.

"बाई, तुमी लिवत्या-वाचत्या. त्या शिनुमावाल्यास्नी कागद लिवा. म्या न्हाई मारलं मडमला. त्या दिशी म्या हितं न्हवतोच, भनीच्या लग्नाला नवलाख उंबरे गावाला गेलतो."

मी वही उघडली. आणि आधी काय विचारलं असेल? "आबा, मडमेच्या खोलीची खिडकी उघडी असायची का हो?" त्यानं बिचाऱ्यानं आठवून आठवून सगळं सांगितलं. मी पानभर टिपून घेतलं — माझ्यासाठी. मग पत्र लिहिलं, त्याला वाचून दाखवलं, खाली त्याचा अंगठा घेतला.

ते पत्र मी पोस्टात टाकलं नाही. टाकलं असतं तर त्या गृहस्थांनी उलट विचारलं असतं — बाई, तुम्हीच तर सांगितलं होतं ना? संध्याकाळी मी ते चुलीत घातलं.

आबा दर आठवड्याला शाळेच्या फाटकाशी यायचा. "आलं का वो उत्तर?"

"नाही आबा."

असं किती वेळा? मोजलं नाही. दिवाळीनंतर चंद्रा शाळेत यायची थांबली. आबा तिला घेऊन बहिणीकडे राहायला निघाला, आणि जायच्या दिवशी मला सांगायला आला. परसातली शेवंती घेऊन आला होता.

"ऱ्हाऊ द्या बाई," तो म्हणाला. "तुमी लय केलंत आमच्यासाठी. मोठी मानसं ती, त्यास्नी कुटला येळ."

मी म्हणाले, "हो आबा, नसेल वेळ." आणि फुलं घेतली.