आईचा जबाब

भाऊ कचेरीत शिरले आणि आई खुर्चीवरून उठली. सुनावणी आमच्या अर्जाची. खुर्ची तिला तहसीलदार साहेबांनी दिलेली. तिने ती पदराने पुसली आणि भाऊंना दिली. भाऊ बसले. तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही.

भाऊ म्हणजे आमच्या मळ्याचे मालक. पूर्णगडच्या वरच्या अंगाला हा भाताचा मळा. जमीन भाजायची भाजावळ आमची, रोपांचा तरवा आमचा, लावणी-कापणी आमची, आजोबांपासून. सातबाऱ्यावर मात्र आम्ही कुठेच नाही. कूळ म्हणून आमचं नाव लागावं, एवढंच मागणं होतं.

साहेबांनी आईला विचारलं, "जमीन कोण कसतं?"

आमच्याकडे रीत आहे. मालक समोर असला की काहीच आपलं म्हणायचं नाही. स्वतः पिकवलेलं भातसुद्धा त्यांच्या कृपेचं. आईने भाऊंकडे बघून हात जोडले.

"जमीन भाऊंचीच. आमी काय, राबताव नुसती."

भाऊंचे वकील हसले. "घ्या लिहून साहेब, जसंच्या तसं."

मी उभी राहिले. "साहेब, आम्ही कसतो. ती मान राखून बोलतेय."

"तुम्हाला विचारलेलं नाही," साहेब म्हणाले.

आईच माझ्यावर डाफरली, "गप ऱ्हव. मोठ्या मानसांत बोलू नुको."

शाईची डबी पुढे आली. तिने अंगठा उठवला. बी.ए. झालेली मी, नुसती बघत राहिले. माझी मलाच शरम वाटली.

बाहेर आमच्या वकिलांनी कपाळावर हात मारला. कायद्यात कसणारा तो कूळ, राबणारा तो मजूर. आईला कळेना. "कसायचं म्हंजे राबायचंच ना गो?" गुडघाभर चिखलात दोन्ही एकच असतं.

अर्ज फेटाळला. लावणीच्या तोंडावर भाऊंचा निरोप आला, "या, पण मजुरीवर." आई निघालीसुद्धा. मी दारात आडवी झाले.

"आपल्याच मळ्यात मजुरीवर नाही जायचं."

ती खूप बोलली मला. मग खाली बसून रडली. भाऊंनी मळ्याला तारेचं कुंपण घातलं. आमचा तरवा घरामागे पिवळा पडत गेला. रोज बघत होतो, करता काहीच येत नव्हतं.

अपील केलंय. आईचा अंगठा त्या कागदावर आहे, तो पुसता येत नाही. कदाचित हरूही. पण अपिलाच्या तारखेला भाऊ आत येतील, आई सवयीने उठायला लागेल, तेव्हा मी तिचा हात धरून तिला खाली बसवणार आहे.