ओर्लिंदाचे पुढचे ब्रेक

ओर्लिंदा, हे वाचून तू म्हणशील, बाईंना दुसरा उद्योग नाही. नाहीच. निवृत्त मास्तरणीला टपालपेटीशिवाय वाट बघायला उरतं काय? बावीस वर्षं तू माझ्या पेटीत पत्रं टाकतेस आणि उशीर झाला की मी बोलते. पण एप्रिलमधल्या त्या पाच दिवसांबद्दल खोऱ्यात जे भलतंसलतं पिकलंय, ते मला खपत नाही. कुणी म्हणतं तुझी नजर गेली, कुणी म्हणतं तू घेतली होतीस. म्हणून झालं ते सरळ लिहून ठेवते. चुकलं असेल तर पेटीत चिठ्ठी टाक.

ओर्लिंदा ओसितोच्या खोऱ्यात टपाल वाटते. साठ मैल रस्ता, एकशे त्रेचाळीस पेट्या, आणि गाडी स्वतःची. बापाच्या वेळची पिकअप, चारही चाकांना जोर असलेली, गिअर आपोआप बदलणारी. इकडे गाड्या रस्त्याच्या उजवीकडून चालतात, म्हणून पेट्या उजव्या हाताला आणि गाडीचं स्टिअरिंग डाव्या हाताला. त्यामुळे ती बसते उजवीकडे, खिडकीशी. डावा पाय आडवा ताणून पेडलवर, डावा हात स्टिअरिंगवर, उजव्या हाताने पत्रं. डोंगरातले टपालवाले असेच चालवतात. बावीस वर्षांत तिची डावी पोटरी उजवीपेक्षा चांगली बोटभर जाड झाली आहे. नवरा विणकर. त्याला धाग्यातलं सगळं कळतं, लोखंडातलं काही कळत नाही. गाडी तीच दुरुस्त करते, घरामागे जर्दाळूच्या झाडाखाली.

पुढच्या चाकांना जुने ड्रमचे ब्रेक होते. ड्रममध्ये पाणी गेलं की ते धरत नाहीत. नदीतून गाडी काढली की पेडलवर हलका पाय ठेवून फर्लांगभर जायचं, म्हणजे ड्रम घासून वाळतात. हे इथलं शेंबडं पोरसुद्धा सांगेल. त्या बुधवारी बर्फ वितळून नदी फुगलेली होती, आणि शेजारच्या खोक्यात टपालाने आलेली कोंबडीची पंचवीस पिल्लं चिवचिवत होती. एक पिल्लू भोकातून डोकं बाहेर काढू लागलं. ते आत ढकलण्याच्या नादात ती पाय ठेवायला विसरली.

पिल्लं एपिमेनिओ आर्चुलेताची. म्हातारा एक्याऐंशी वर्षांचा, रस्त्यात येऊन वाट बघत उभा. ओर्लिंदाने पेडल दाबलं आणि गाडी थांबलीच नाही. टपालपेटीचा खांब मोडला, म्हातारा पाटात पडला. ती धावत गेली तर तो कमरेएवढ्या पाण्यात उभा.

“पिल्लं बरी आहेत ना?” त्याने विचारलं.

पिल्लं बरी होती. म्हाताराही बरा होता. ओर्लिंदा मात्र घरी जाऊन पायरीवर जी बसली ती अंधार पडेपर्यंत. त्याच रात्री तिने ठरवलं: सोमवारी सकाळपर्यंत पुढचे ब्रेक नवे आणि भरवशाचे झाले तर टपाल, नाहीतर टपाल सोडायचं. ते ड्रम घेऊन कुणाच्या दारापुढे ती पुन्हा जाणार नव्हती. फेरीसाठी दिराची गाडी मिळाली होती, पण गुरुवार-शुक्रवार दोनच दिवस.

शुक्रवारी फेरी संपवून ती भंगारवाल्याकडे गेली. तिच्या गाडीच्याच जातीची, पण बरीच नंतरची एक पिकअप तिथे पडली होती. तिच्या पुढच्या चाकांना डिस्क ब्रेक होते, म्हणजे उघडी लोखंडी चकती आणि तिला दोन्हीकडून चिमटा घेणारा कॅलिपर. पाण्यातून निघाली की चकती दोन फेऱ्यांत वाळते. ओर्लिंदाने दोन्ही चाकांचं सगळं सोडवलं. दोन्ही कॅलिपर दिसायला जुळे, म्हणून स्टिअरिंगकडच्याला खूण म्हणून लाल चिंधी बांधली.

शनिवारी रजा टाकून तिने पिकअप लोखंडी टेकूंच्या घोड्यांवर चढवून जुने ड्रम हातोड्याने ठोकून काढले. बेअरिंगमध्ये नवं ग्रीस भरलं, चकत्या घासल्या, पॅड नवे घातले, ब्रेकच्या नळ्या नव्या जोडल्या. संध्याकाळी चाकं सोडून सगळं जागेवर होतं. राहिली ब्रेकमधली हवा काढायची, आणि त्याला माणसं लागतात दोन.

रविवारी चर्चमधली मिस्सा आटोपून एपिमेनिओ चालत आला. डोक्यावर रविवारची हॅट, काखेत तोर्तियांचं, म्हणजे आमच्याकडच्या रोट्यांचं गाठोडं.

“तिओ, तुम्ही कशाला आलात?” ओर्लिंदाने विचारलं. खोऱ्यातले सगळेच त्याला तिओ म्हणतात, म्हणजे काका.

“तू काही माझ्या दारात थांबत नाहीस. म्हटलं, आपणच जावं.”

ओर्लिंदा खाली वाकून पाना पुसू लागली.

“चेष्टा केली गं. नवरा कुठंय तुझा?”

“त्याला पेडलवर बसवला होता. मी सोड म्हटलं की दाबतो, दाब म्हटलं की सोडतो. आत पाठवला, घेवडा शिजवतोय.”

“सरक मग. दाबायला काय, मला अजून एक पाय चांगला आहे.”

म्हातारा स्टिअरिंगमागे बसला, ती चाकाशी आडवी झाली.

“दाबा.”

“दाबलं.”

“धरून ठेवा.”

“धरलंय.”

ती पान्याने कॅलिपरवरचं हवा सोडायचं निपल सैल करी, नळीतून तेल आणि बुडबुडे येत, ती पुन्हा आवळी. “सोडा.” मग पुन्हा दाबा. तासभर हे चाललं. तेलाचे दोन डबे संपले, बुडबुडेही थांबले, तरी पेडल तळाला जाईच.

“कसं लागतंय?” तिने विचारलं.

“भिजवलेल्या कणकेत पाय घातल्यासारखं.”

ओर्लिंदा उठून उपड्या बादलीवर बसली. हात कोपरापर्यंत काळे. “राहू द्या, तिओ. उद्यापासून दुसरं कुणीतरी आणेल टपाल.”

“कोण? तो खालच्या गावातला? त्याला माझं घर सापडायला वर्ष लागेल. तोवर माझी पिल्लं म्हातारी होतील.”

“मी तुम्हाला मारलं असतं.”

“असतं. पण मारलं नाहीस. सरक, बघू दे.”

म्हातारा गुडघे धरत उतरला आणि चाकाशी उकिडवा बसला. एपिमेनिओला गाडीतलं काही कळत नाही, पण चाळीस वर्षं तो पाटकरी होता. ओढ्याच्या खालून पाटाचं पाणी पलीकडे नेणारा मोठा नळ त्याच्याच देखरेखीत होता.

“हवा बाहेर येते कुठून?” त्याने विचारलं.

“या निपलातून.”

“मग ते तळाला का? नळात हवा नेहमी उंचवट्यावर अडते, पोरी. आम्ही भोक वरच पाडायचो. तू तिला खालच्या दाराने बोलावतेयस, ती कशाला येईल?”

ओर्लिंदा वाकून बघू लागली. मग दुसऱ्या चाकाशी गेली. तिथेही निपल खालीच. आणि तिथे, उजव्या चाकावर, जिथे ती बावीस वर्षं बसत आली त्या बाजूला, लाल चिंधी होती. चिंधी स्टिअरिंगकडच्या कॅलिपरची, पण हाताने तो न विचारता आपल्या बसण्याच्या बाजूला लावला होता. डावा उजवीकडे गेला, उजवा डावीकडे, आणि दोघेही उलटे झाले.

तिने एक शब्द उच्चारला.

“आत्ताच मिस्सा झालीय,” म्हातारा म्हणाला. “पाद्री गेला नसेल अजून.”

कॅलिपर अदलाबदल करायला तास लागला. मधे घेवडा आणि तोर्तिया झाल्या. मग म्हातारा पुन्हा पेडलवर. दाबा, धरा, सोडा. आठव्या का नवव्या खेपेला तो बोलायचा थांबला.

“काय झालं?”

“माझा पाय अडला. पुढे जात नाही.”

ती त्याला उतरवून स्वतः बसली, आपल्या बाजूला, आणि डावा पाय आडवा टाकून दाबलं. पेडल वरच अडलं, घट्ट. पुन्हा दाबलं, पुन्हा तसंच. तिने कपाळ दारावर टेकवलं आणि तशीच बसून राहिली. एपिमेनिओ जर्दाळूचा मोहर न्याहाळत राहिला. माणूस समजूतदार आहे.

चाकं चढवून ती नदीवर गेली. जाताना वस्तीवरचे सगळे कुंपणाशी आले होते. ती मुद्दाम पाण्यातून दोनदा गेली आणि पाय अजिबात न ठेवता सरळ म्हाताऱ्याच्या दारावर आली. तो तिथे आधीच येऊन नव्या खांबामागे उभा होता. खांबामागे, रस्त्यात नव्हे. इतका काही तो वेडा नाही. गाडी पेटीसमोर थांबली, खिडकी बरोबर पेटीला लागून.

“आज रविवार,” एपिमेनिओ म्हणाला. “आज टपाल नसतं.”

“असू दे,” ती म्हणाली आणि पेटीचं दार उघडून पुन्हा लावलं.

सोमवारी पावणेदहाला तू माझ्या पेटीत बियाण्यांची यादी आणि विजेचं बिल टाकलंस, ओर्लिंदा, आणि माझ्याकडे न बघता पुढे गेलीस. शनिवारी तूच मला फोन केला होतास: बाई, सोमवारी दहापर्यंत मी दिसले नाही, तर खाली टपालकचेरीत जाऊन तुम्हीच सांगा की मी काम सोडलं, मला तोंडाने सांगवणार नाही. मी हो म्हटलं होतं. सकाळपासून शहरात जायचे बूट घालून बसले होते, आणि ते मला चावतात. तू गेल्यावर काढले. कचेरीत मी गेले नाही, आणि तू काम सोडणार होतीस हे तिथे अजून कुणाला माहीत नाही.